१२ किलोमीटर, ६ किलोमीटर आणि माझा एक एकर



२६ मे २०२५ ला दोन बातम्या एकदमच आल्या. मॉन्सून मुंबईत पोचला, आणि पुण्याच्या आयआयटीएमनं बनवलेलं 'भारत फोरकास्ट सिस्टीम' हे हवामानाचं नवं मॉडेल सुरू झालं. आधीचं मॉडेल १२ किलोमीटरच्या चौकोनावर हिशोब करायचं, हे ६ किलोमीटरच्या.

मी वहीत गणित मांडलं. १२ गुणिले १२ म्हणजे १४४ चौरस किलोमीटर, साधारण साडेपस्तीस हजार एकर. तेवढ्या रानाला पावसाचा एकच आकडा! नव्यात तो चौकोन नऊ हजार एकरांवर आला. आमच्याकडं ओढ्याच्या अल्याड चिखल अन् पल्याड धुरळा असतो, त्यामुळं हा फरक लहान नाही.

पण मी त्यातून भलताच अर्थ काढला. वाटलं, आता अंदाज बारीक झाला, मग भ्यायचं कशाला? मे मधल्या पावसानं रान भिजलेलंच होतं. कृषी विभाग सांगत होता, पेरणीची घाई करू नका. तरी जूनच्या सुरुवातीला माळाच्या एका एकरात सोयाबीन टाकलं. पुढं मॉन्सून रेंगाळला. हलकी जमीन, वरचा थर वाळला, उगवण विरळ झाली. बियाणं परत आणून तो एकर दुबार पेरला. चूक माझीच.

त्यातनं एक कळलं. चौकोन बारीक झाला की पाऊस कुठं पडेल हे जास्त नीट कळतं. पण मधे किती दिवस उघडीप राहील, हा प्रश्न वेगळाच. त्यासाठी हवामान खातं दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाज देतं, तो मी उघडलाच नव्हता. आता पेरणीआधी तो बघतो, आणि मॉन्सूनचा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरत नाही.

दुसरं म्हणजे, नऊ हजार एकरांची सरासरी म्हणजे माझा एकर नव्हे. म्हणून बांधावर पर्जन्यमापक रोवलाय. रोज सकाळी साडेआठला आकडा लिहितो, शेजारच्या रकान्यात आदल्या दिवशीचा अंदाज. मॉडेल जुनं असो की नवं, आपल्या रानात ते किती खरं उतरतं हे ती वहीच सांगणार.

तुमच्या शिवारातबी कुणी मोजत असेल तर आकडे जरूर कळवा.