बर्फाचा वापसा

परभणीच्या काळ्या, सपाट रानात वाढलेल्या मनुष्यास बर्फाविषयी लिहिण्याचा अधिकार काय, असे वाचक विचारतील. आणि ते रास्तच आहे. जिंतूरच्या टेकड्या हाच आमच्याकडील डोंगर. पौषात येथे हात गारठतात. हिम मात्र पडत नाही. तथापि यंदा आमचा पुतण्या ऐन हिवाळ्यात उत्तरकाशीकडील केदारकंठा चढावयास निघाला, आणि त्याच्या आईच्या काळजीने आम्हांस या विषयाची माहिती मिळविणे भाग पडले.

हिमाचे थर बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतात. याहून उभ्या कड्यावर हिम फारसे साठत नाही, आणि याहून सौम्य उतारावरून ते सहसा घसरत नाही. घरातील जिन्याचा चढही साधारण ३० अंशांच्या वरच असतो. म्हणूनच असा उतार डोळ्यांस भयंकर वाटत नाही. शिवाय नवे हिम जुन्या थरास धरावयास अवधी लागतो. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस, आकाश कितीही निरभ्र असो, फार धोक्याचे. आमच्या कुणब्यास यात नवल वाटणार नाही. पाऊस उघडून ऊन पडले तरी वापसा आल्यावाचून तो रानात औत घालीत नाही.

पाय निसटलाच, तर पालथे होऊन हिमकुऱ्हाडीचे टोक बर्फात रोवावे आणि अंगाचा सारा भार तीवर टाकावा. वेग वाढण्यापूर्वी, पहिल्या काही क्षणांतच हे साधले पाहिजे; म्हणून ते आधी सौम्य उतारावर घोटून घ्यावे लागते. धोक्याचा उतार एकेकाने ओलांडावा, आणि उन्हाने बर्फ मऊ होण्यापूर्वी परतावे.

पण कौशल्यालाही मर्यादा आहे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमप्रपातात सापडली व पंचविसांहून अधिक जीव गेले. त्यांत शिकविणारेही होते.

मग घरच्यांच्या हाती काय उरते? आमच्या मते, एक गोष्ट निश्चित उरते. हार घालून, गावभर सांगून पाठविलेल्या मुलास अर्ध्या वाटेवरून परतण्याची लाज वाटते, आणि त्याच्या पाठीवरील सर्वांत जड ओझे तेच असते. ते आपण बांधून देऊ नये. वापशाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यास कोणी भित्रा म्हणत नाही. शिखर न गाठता परतलेल्या मुलाचेही तितक्याच सहजतेने स्वागत होईल, हे त्यास निघण्यापूर्वीच ठाऊक असावे.