जागा रिकामी, तरी फाइल मावेना



सासूबाईंच्या शेवटच्या दिवाळीत नातवाने त्यांना बोलतं केलं होतं. माहेरचं गाव, लग्न, घरातल्या जुन्या माणसांची नावं, सगळं त्या सांगत गेल्या. तुकडे जोडून त्याने 6 जीबीचा एकच व्हिडिओ केला. त्यांचा आवाज आता तेवढाच उरलाय, तोही एका जुन्या लॅपटॉपवर. म्हणून 32 जीबीचा पेन ड्राइव्ह आणला. फोटो भराभर गेले, व्हिडिओ मात्र अडला. ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप आला. जागा तर 20 जीबी रिकामी! दुकानदार म्हणाला, दुसरा घ्या. दुसऱ्यावरही तेच.

खातेवही लिहिलेल्यांना कारण चटकन कळेल. रकमेच्या रकान्यात सहाच घरं असली, तर 9,99,999 च्या पुढचा आकडा लिहिता येत नाही, तिजोरी कितीही मोठी असो. पेन ड्राइव्हवरही अशी वही असते. 1996 सालापासूनच्या ‘फॅट32’ पद्धतीत फाइलचा आकार लिहायला 32 घरं असतात आणि प्रत्येकात फक्त 0 किंवा 1. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा 4,29,49,67,295 बाइट, म्हणजे 4 जीबीला एक बाइट कमी. ड्राइव्ह बदलून उपयोग नाही, वही बदलायला हवी.

विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘फाइल सिस्टिम’पुढे फॅट32 दिसलं, तर ड्राइव्हवरचं सगळं आधी दुसरीकडे उतरवून घ्या, कारण फॉर्मॅट केल्यावर सगळं पुसलं जातं. मग फॉर्मॅट करताना ‘एक्सफॅट’ निवडा. ते विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं. जुन्या टीव्हीला मात्र फॅट32च लागू शकतं, त्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवावा.

कॉपी झाल्यावर ताळा जुळवा. मूळ फाइल आणि प्रत, दोन्हींचे बाइट सारखे हवेत. व्हिडिओचा शेवटही लावून पाहा. ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढा.

फोल्डर कॉपी करताना ‘स्किप’ दाबलं की हजार फोटो जातात आणि एक फाइल मागे राहते. ती नेमकी सर्वांत मोठी असते, म्हणजे बहुधा लग्नाची किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांची. येत्या रविवारी तुमच्या ड्राइव्हवर तीच आधी शोधा.