साध्या ताटाची देणी

सिंगापुरात घरी रांधलं नाही म्हणून कुणी उपाशी राहत नाही. बहुतेक वसाहतींपासून चालत जाण्याच्या अंतरावर हॉकर सेंटर असतं. १९७१ ते १९८६ या काळात सरकारने रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना हलवून नळ, गटारं आणि छप्पर असलेल्या या जागा दिल्या. आज त्या शंभराहून जास्त आहेत, आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ही संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. थोडक्या डॉलरांत तिथे पोटभर आणि चांगलं जेवण मिळतं. मग दिवसभर ऑफिसात राबून आलेल्या मराठी माणसाने कुकर का लावावा? या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर असतं : गावाची ओढ, आईच्या हातची आठवण. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. ओढ जवळ नसलेल्या गोष्टीची असते. वरण-भात, तूप, लिंबाची फोड असं ताट पुढ्यात आल्यावर जे समाधान वाटतं, ते पुढ्यात असलेल्या गोष्टीबद्दलचं असतं, आणि त्याला कृतज्ञता म्हणायला मी कचरणार नाही. ही कृतज्ञता परक्या शहरात अधिक डोळसपणे बाळगता येते, असं मला वाटतं, कारण इथे त्या ताटातलं काहीच आपोआप आलेलं नसतं.

आपण त्या ताटाला साधं म्हणतो. शिजवायला सोपं, एवढ्यापुरतं ते खरं आहे; इथवर पोचणं मात्र सोपं नाही. सिंगापूर आपल्या अन्नापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून आणतं. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा मराठी घरांत रोज लागणारे कोलम आणि सोना मसुरी दोन्ही तिच्यात सापडले. सिंगापूर सरकारने दिल्लीकडे शब्द टाकला आणि ऑगस्टच्या अखेरीस अन्नसुरक्षेच्या कारणाने ५०,००० टनांची खास परवानगी मिळाली. डाळीचीही गोष्ट अशीच. २००६ ते २०१७ या काळात भारतातून बहुतेक डाळींची निर्यात बंद होती. तूर म्यानमारमध्ये आणि पूर्व आफ्रिकेतही पिकते, परदेशातलं वरण शिजत राहिलं त्याला तोही एक आधार. ज्या पाण्यात ही डाळ शिजते, त्यातलं काही मलेशियातल्या जोहोरहून येतं. १९६२ च्या करारानुसार रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेता येतं आणि त्या कराराची मुदत २०६१ मध्ये संपते. आमटीतलं आमसूल म्हणजे तर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बायकांचे हात : उन्हाळ्यात रतांबे फोडायचे, सालं त्यांच्याच रसात भिजवायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची. इतके शेतकरी, मजूर, करार आणि पाऊस जुळून आल्याशिवाय इथे एक वाटी आमटी होत नाही. पुण्यात किंवा लातुरातही हे खरंच आहे, पण तिथे कोपऱ्यावरच्या वाण्यामुळे ते दिसत नाही.

साध्या जेवणाने इथे आणखी एक गोष्ट मिळते, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. वर्षभर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. आंब्याच्या मोहोरावरून किंवा पहिल्या पावसाच्या वासावरून इथे महिना ओळखता येत नाही. दिवस सारखेच आले की ते हातातून निसटतात, आणि वर्षं कुठे गेली कळलंच नाही, ही इथल्या स्थलांतरितांची नेहमीची हळहळ असते. अशा ठिकाणी स्वयंपाकघर पंचांगाचं काम करतं. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी हे देशावरच्या थंडीचं जेवण. सिंगापुरात जानेवारी बहुधा पावसाळी असतो, तिळाच्या उष्णतेची शरीराला गरज नसते, तरी ती भाजी झाली की महिन्याला ओळख येते. रोजच्या दिवसालाही हेच लागू आहे. इथलं घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे. साडेसातला कुकरची शिट्टी होते तेव्हा तिकडे पाच वाजलेले असतात, चहा टाकायची वेळ. शिट्टीनंतरच्या अर्ध्या तासात तसं काहीच घडत नाही. कुकरची वाफ जिरते, बाहेर अंधारतं, समोरच्या इमारतीत कुणीतरी बांबूवर वाळत घातलेले कपडे आत ओढून घेतं. हॉकर सेंटरमध्ये जेवण तयार मिळतं, पण हा वाट बघण्याचा वेळ मिळत नाही. मला तो जेवणाइतकाच मोलाचा वाटतो.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळं आपापल्या घरात दार लावून बसणं आहे : दुसऱ्या देशात जायचं आणि तिथल्या माणसांत न मिसळता वरण-भात गिरवत राहायचं. पण सिंगापुरात घरचा स्वयंपाक घरात राहतच नाही. बहुसंख्य रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतींत राहतात, आणि १९८९ पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलाय, भारतीय अशा गटांच्या प्रमाणाला मर्यादा घालून दिल्या आहेत, म्हणजे शेजार मिश्र असणार हे धोरणानेच ठरलेलं. ऑगस्ट २०११ मध्ये वर्तमानपत्रात एक बातमी आली. चीनहून आलेल्या एका कुटुंबाला शेजारच्या भारतीय घरातल्या करीच्या वासाचा त्रास होत होता. मध्यस्थी झाली आणि शेजारी घरी नसतानाच करी करायची, असं ठरलं. प्रकरण काही वर्षांपूर्वीचं होतं, पण शहर हळहळलं आणि चिडलंही. २१ ऑगस्टच्या रविवारी घराघरांत करी शिजवून शेजाऱ्यांना बोलवावं, अशी हाक निघाली आणि हजारोंनी ती उचलून धरली. त्यात चिनी घरं होती, मलाय होती. आपल्या घरी आपलं जेवण रांधता येणं ही शेजाऱ्यांनी मान्य केलेली गोष्ट असते, हे त्या रविवारी सगळ्यांना दिसलं. फोडणीचा वास जिन्यात पसरतो आणि कुणी दार वाजवत नाही, याबद्दलही ऋणी असावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. साध्या जेवणाचं कौतुक बहुतेक वेळा जेवणारे करतात, रांधणारे नाही. शिवाय ते कौतुक करायला हातात पगार, घर आणि मोकळी संध्याकाळ लागते. याच शहराच्या इमारती बांधणारे तामिळ आणि बांगलादेशी मजूर वसतिगृहांत राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचं जेवण कंत्राटदाराकडून पहाटे पाकिटात येतं आणि दुपारी, कित्येक तासांनी, बांधकामावर खाल्लं जातं. त्यांना वरणाच्या वाफेचं सुख सांगणं बरं दिसणार नाही. पण यावरून कृतज्ञताच पोकळ ठरते, असं मी म्हणणार नाही. तिचं तोंड कुठे आहे, ते बघायला हवं. आपल्याकडे जेवणाआधी पानाभोवती चित्राहुती घालत, जेवून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणत. त्यात चवीची तारीफ नाही. आपल्याखेरीज आणखी कुणाचा तरी त्या पानाशी संबंध आहे, याची ती रोजची कबुली आहे. ही कबुली उरत नाही तेव्हा साधेपणाचं कौतुक नुसतं आत्मसंतुष्ट होतं.

आणि अन्नदाता इथे अनेकदा ओट्यापाशीच उभी असते. सिंगापुरात अडीच लाखांहून अधिक स्त्रिया घरकामासाठी येऊन राहिल्या आहेत, बहुतेक इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि म्यानमारमधल्या. मराठी घरांतही त्या आहेत, आणि कित्येक घरांत पोह्यांना फोडणी त्यांच्याच हातची असते. आठवड्याची सुट्टी त्यांना कायद्याने मिळाली ती २०१३ मध्ये. महिन्यातली एक तरी सुट्टी पैसे देऊन रद्द करता येणार नाही, हे ठरायला २०२३ उजाडलं. त्यांनाही त्यांचं साधं जेवण असतं, सुक्या मासळीचं, कोळंबीच्या उग्र वासाच्या बेलाचानचं, आणि अनेक शाकाहारी भारतीय घरांत ते शिजवायची त्यांना मुभा नसते. घरमालकाच्या श्रद्धेचा प्रश्न खरा आहे, तो मी हलका लेखत नाही. पण वेगळी कढई, वेगळी शेगडी, आठवड्यातली ठरलेली संध्याकाळ, उघडी खिडकी, एवढ्याने तो बऱ्याच घरांत सुटू शकतो. २०११ मध्ये करीच्या बाजूने जे उभे राहिले त्यांच्यात भारतीय घरंही होती. आपल्या वासासाठी शेजाऱ्याकडे जे मागितलं, तेच आता आपल्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई मागू शकते, आणि तिने तोंड उघडायच्या आधी ते द्यायला हवं.