मेंदू मोजला, पण भागायचा कशाने?

अकोला-वाशीम रस्त्यावरचे मेडशी हे माझे गाव. मी शरीररचनाशास्त्र शिकवतो, म्हणून गावात एक प्रश्न हमखास येतो: “डॉक्टरसाहेब, सर्वात मोठा मेंदू मानसाचाच असते नं?” नाही. हत्तीचा मेंदू पाच किलोच्या आसपास भरतो, आपला साधारण १३०० ग्रॅम. मग शरीराच्या मानाने? तिथे बैल मागे पडतो: त्याचा मेंदू शरीराच्या सुमारे हजाराव्या भागाइतका, आपला पन्नासाव्या. पण वीस ग्रॅमच्या उंदराचा मेंदू ०.४ ग्रॅम, म्हणजे त्याचाही पन्नासावाच भाग!

शरीर ज्या प्रमाणात वाढते त्या प्रमाणात मेंदू वाढत नाही. म्हणून हॅरी जेरिसन यांनी १९७३च्या ग्रंथात वजनावरून अपेक्षित मेंदू काढण्याची रीत मांडली: ग्रॅममधील वजनाचा दोन-तृतीयांश घात, गुणिले ०.१२. प्रत्यक्ष मेंदूला या आकड्याने भागायचे. १३०० ग्रॅम मेंदूचा माणूस ५० किलोचा असेल तर उत्तर आठच्या जवळ येते. तोच ८० किलोचा झाला की सहाच्याही खाली. मेंदू तोच, वाढली ती चरबी. काही अभ्यासक घात तीन-चतुर्थांश धरतात. मग सगळेच आकडे बदलतात.

मेंदूचे वजन तरी पक्के असते का? ताजा मेंदू लोण्यासारखा मऊ असतो. करवतीने कवटीची टोपी काढून तो बाहेर घेताना आवरणे ठेवली की सोलली, पोकळ्यांतले पाणी निथळले की नाही, मज्जारज्जू कुठे कापला, यावर काटा हलतो. मृत्यूपूर्वी मेंदूला सूज असेल तर वजन वाढते, वार्धक्यात घटते, फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यावर सुरुवातीला पुन्हा वाढते. विच्छेदनाच्या देहात तर कित्येक लिटर द्रव भरलेला असतो. त्याचे वजन भागाकाराला निरुपयोगीच.

जीवाश्मांत अडचण आणखी वाढते. अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये नर्मदाकाठी हथनोरा येथे प्राचीन मानवाची अर्धवट कवटी मिळाली. तिच्या मेंदूच्या पोकळीचे अंदाज ११५५ ते १४२१ घनसेंटिमीटर इतके पसरले आहेत, आणि ज्याने भागायचे ते शरीर हाती नाही.

तरीही कोणतेही सूत्र घ्या, आपल्याएवढ्या सस्तन प्राण्याच्या मानाने माणसाचा मेंदू कितीतरी मोठाच ठरतो. प्राण्याप्राण्यांतला हा फरक एवढा ठळक आहे की मोजमापाच्या चुका त्याला पुसू शकत नाहीत. माणसामाणसांतले फरक मात्र त्याच चुकांत बुडून जातात. हे विसरून कवटीवरून वंशांची उतरंड लावणारे विद्वान होऊन गेले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये इरावती कर्वे यांनी ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या असममितीचा अभ्यास केला. युरोपीय कवटी वेगळी, म्हणून श्रेष्ठ, असा त्यामागचा समज होता. मोजमापांत वंशभेद दिसला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले.

म्हणून डोक्याच्या आकारावरून कोणी मुलाची हुशारी किंवा जातीची लायकी सांगू लागला, तर त्याला दोन प्रश्न जरूर विचारा: काय मोजले, आणि कशाने भागले?