काशा

लॉनचे तयार गालिचे विकणाऱ्या एका नर्सरीला फोन केला, तर पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "ताई, कर्जत कुठलं? नेरळजवळचं?" म्हटलं, नाही हो, राशीन-मिरजगावचं. नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर. तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "मग पाण्याचं काय करणार?"

माणूस जाणता होता. त्या कर्जतला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथल्या फार्महाऊसची हिरवळ त्यावर पोसली जाते. आमच्याकडे बऱ्या वर्षी ५०० च्या आसपास, आणि त्यातही मदार उत्तरा-हस्तावर. मेक्सिकन गवताचा गालिचा या उन्हात अंथरायचा म्हणजे टँकरही बांधून घ्यायचा. ते मला पटत नाही. ज्या तालुक्यात माणसं हंडे घेऊन रांगेत उभी राहिलेली आहेत, तिथं अंगणातलं गवत तरी इथलंच असावं.

घरापुढच्या हिरवळीला तीन ठिकाणी टक्कल पडलं होतं. फाटकापासून पायरीपर्यंत येण्याजाण्यानं माती गच्च दबली होती. पाणी घातलं तरी वरच्या वर वाहून जायचं. कडुनिंबाखाली ऊन नाही, म्हणून गवत नाही. आणि मधोमध, सगळं छान असताना, एक पिवळा डाग पसरत गेलेला. तिथलं गवत मुठीत धरून ओढलं तर मुळांशिवाय हातात आलं. खाली हुमणी. वेटोळं करून पडलेल्या, तांबूस डोक्याच्या, पांढऱ्या जाड अळ्या. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीचा पाला खातात आणि मातीत अंडी घालतात. त्या दिवसांत झाड हलवून भुंगेरे पाडावेत आणि रॉकेलच्या पाण्यात टाकावेत, हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

गवत कुठून आणायचं, याचं उत्तर बांधावर होतं. हरळी.

हरळी म्हटलं की मला वैशाख आठवतो. नांगरट झालेलं काळं रान, गुडघ्याएवढी ढेकळं, आणि आजीच्या मागे आम्ही सगळी पोरं काशा वेचायला. काशा म्हणजे हरळीची जमिनीखालची कांडी, पांढरट-पिवळी, टोकाला सुईसारखी. ढेकूळ फोडलं की आतून आरपार गेलेली दिसायची. आजी म्हणायची, "तुटू देऊ नको गं, तुटली की दोन होत्यात." म्हणून ढेकूळ हळूच कुस्करायचं, माती झटकायची आणि काशी अख्खी ओढून काढायची. ओटीत भरायच्या, बांधावर ढीग करायचा. ढीग उन्हात वाळले तरी आजीचा विश्वास बसायचा नाही. ती ते पेटवून द्यायची आणि राख होईपर्यंत तिथून हलायची नाही. दुपारी बाभळीच्या सावलीत भाकरी सोडली, तरी तिची नजर रानावरच. उठता उठता एखादी काशी दिसायची आणि हातातला घास तसाच ठेवून ती जायची. तिच्या बोटांच्या पेरांना त्या दिवसांत चिरा पडलेल्या असत. रात्री ती त्यांत गोडेतेल जिरवायची आणि उद्या कुठल्या कोपऱ्यापासून धरायचं ते सांगायची. पीक किती आलं यापेक्षा रान किती निर्मळ आहे, यावर ती शेतकऱ्याला जोखायची. बांधाला हरळी माजलेली दिसली की त्या घराबद्दल तिचं मत झालंच समजा. आणि हीच आजी चतुर्थीला सिद्धटेकला निघाली की त्याच बांधावरून कोवळ्या, तीन पानांच्या दुर्वा निवडून, जुड्या बांधून घ्यायची.

फाटकाजवळची जमीन मी टिकावानं वीतभर खणून घेतली. कुजलेलं शेणखत, थोडी वाळू. मृगाचा पाऊस झाल्यावर हरळीचे बोटभर तुकडे केले. प्रत्येकावर दोन-तीन पेरं हवीत. शेण-मातीच्या पातळ काल्यात ते मिसळले आणि अंगण सारवावं तसे हातानं पसरले. वरून चाळलेली माती. पहिले दिवस झारीनं सकाळ-संध्याकाळ पाणी, मग पाऊस बघून. आठ-पंधरा दिवसांत कोंब वर येतात. मग खरी गंमत सुरू होते: धावता फुटवा जमिनीसरशी पुढं सरकतो, पेर मातीला टेकलं की खालून पांढरी मुळं सोडतो, वरून पानांचा झुपका, आणि पुढच्या पेराकडे निघतो. वाकून पाहिलं तर त्या मुळांना मातीचे कण चिकटलेले दिसतात. कडुनिंबाखाली मात्र मी काही लावलं नाही. हरळीला ऊन लागतं, आणि तिथं फरशी टाकली की दोन माणसांना बसायला होतं.

मोकळी जागा भरलीच पाहिजे, असं नसतं. आमच्याच तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, १९८० मधलं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. तिथल्या माळावर गवताच्या मध्ये मध्ये उघडी खडकाळ जमीन आहे. उन्हाळ्यात माळटिटवी तिथंच, नुसत्या खड्यांत अंडी घालते. मातीच्या रंगाची, ठिपक्यांची, पायाशी असली तरी न दिसणारी. पखुर्डीही तशीच. काळविटाला दूरवरचं दिसायला हवं, पळायला मैदान हवं. पण माळ दिसला की आपल्याला तो पडीक वाटतो. सोलापूर-नगरच्या किती माळांवर चर खोदून गिरिपुष्प लावलं गेलं! झाडं लावणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही, पण गवताचा देश गवताचाच राहू द्यावा असं मला मनापासून वाटतं. माळावर खड्डे घेण्याआधी दिवाळीच्या सुमाराला तिथं एकदा चालून यावं. पवन्या पिकून तांबूस झालेला असतो. कुसळी तर चपलेपासून ओच्यापर्यंत टोचते. घरी आल्यावर एकेक कुसळ उपटून काढावं लागतं. त्याला पीळ असतो. ओल लागली की तो पीळ सुटतो, सुकला की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत ते बी आपलं टोक जमिनीत घुसवतं.