सोबतीची चाल

नवख्या मित्राला घेऊन सायकलीवरून लांबच्या प्रवासास निघालात, तर चाल आपली नव्हे, त्याची धरा. पुण्याहून पाचगणी सुमारे १०० किलोमीटर. माझा मित्र त्या वाटेने प्रथमच येत होता. कात्रजचा घाट तो गप्पा मारीत चढला. खंबाटकीच्या चढणीवर मात्र त्याचे बोलणे तुटले. सोबत्याला सहज बोलता येते तोवर चाल योग्य समजावी. नवखा मनुष्य लाजेपोटी थकवा लपवितो. म्हणून “मला तहान लागली” असे सांगून मीच आधी उतरलो. पाणी प्यालो, गूळ-शेंगदाणे खाल्ले.

वाईला पसरणी घाटाच्या पायथ्याशी तो म्हणाला, “तू पुढे हो, मी एस.टी.ने येतो.” त्या शब्दांत थकव्यापेक्षा, आपण ओझे झालो ही खंत अधिक होती. मी त्याच्या मागे राहिलो. पुढे गेलेल्या सोबत्याची पाठ पाहून मन खचते. मागून येणाऱ्या चाकांचा आवाज मात्र धीर देतो. काही वळणे सायकलीवर, काही पायी, असे आम्ही दिवस कलता पाचगणीस पोहोचलो. पुढच्या सफरीची गोष्ट त्यानेच काढली. नवख्याला सोबत देणाऱ्याने याहून अधिक काय मिळवावे?