जुनी फाईल

आपल्या बायकांच्या ट्रंकेत काय काय जपलेलं असतं! लग्नातला शालू, जमिनीचे उतारे, मुलांच्या गुणपत्रिका. दवाखान्याचे कागद मात्र माणूस बरं झालं की घराबाहेर काढायचे, ही आपली रीत. दुखण्याची आठवण नको म्हणून. आमच्या वन्संनी ही रीत पाळली नाही, त्याची ही हकीकत.

वन्संचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन २००८ साली झालं. पाच वर्षं गोळ्या झाल्या आणि मग घरात तो विषय निघेनासा झाला. २०२१च्या दिवाळीनंतर दोन घास खाल्ले की त्यांना पोट भरल्यासारखं वाटू लागलं. पित्त समजून आवळा झाला, सुंठ झाली. वजन उतरलं तेव्हा दुर्बिणीची तपासणी केली. जठराची भिंत ताठ झालेली, आतलं अस्तर मात्र जवळजवळ नेहमीसारखं. तुकड्याचा रिपोर्ट आला : जठराचा कर्करोग. त्या दवाखान्यात जठर काढायची तारीखही ठरली. जुन्या ऑपरेशनबद्दल तिथे कुणी चकार शब्द विचारला नाही.

दुसरं मत घ्यायला आम्ही बेळगावात एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कानडीतच विचारलं, "आधी कधी काही ऑपरेशन?" वन्संनी कानडीतच उत्तर दिलं आणि पिशवीतून फाईल काढली. बाई एका ओळीवर थांबल्या : 'लोब्युलर कार्सिनोमा'.

स्तनाच्या शंभर कर्करोगांत हा प्रकार साधारण दहा-पंधरा. यातल्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं ई-कॅड्हेरिन नावाचं प्रथिन नसतं. म्हणून त्यांची गाठ न होता त्या मुंग्यांसारख्या एकामागे एक सरकतात. मॅमोग्राफीतही पुष्कळदा निसटतात. हाडांत तर हा रोग जातोच, पण क्वचित जठर, आतडी, अंडाशय अशा आडवाटेनेही जातो, आणि तेही दहा-पंधरा वर्षांनी. जठराच्या एका कर्करोगातही हेच प्रथिन हरवतं, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जुळ्या बहिणींसारखे दिसतात.

मग ओळखायचं कसं? हे आपल्याला कळायला अवघड नाही. माणूस कुठेही राहायला गेला, तरी तोंड उघडलं की मूळ गाव कळतं. जठरात जाऊन बसलेली पेशीही मूळ घरची खूण सोडत नाही. इस्ट्रोजेन रिसेप्टर आणि गाटा-३ या त्या खुणा. विशिष्ट प्रक्रिया केली की काचपट्टीवर त्या तपकिरी उमटतात. फाईलमधल्या नंबरावरून जुन्या तुकड्याचा मेणातला ठोकळाही मिळाला. नशिबाने प्रयोगशाळेने तो ठेवला होता. जुनी-नवी काचपट्टी शेजारी ठेवून पाहिली. खुणा जुळल्या. रोग जठराचा नव्हताच. स्तनाचाच होता, घर बदललेला.

लंडनच्या स्टीफन पॅजेटने १८८९ साली, या रोगाने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून, बी आणि जमीन यांचा दाखला दिला होता : बी सगळीकडे उडतं, रुजतं मात्र मानवेल त्याच जमिनीत. शेतकऱ्याच्या लेकीला, आमच्या वन्संना, हे लगेच पटलं. "बी जुनंच म्हणायचं की!" एवढंच त्या म्हणाल्या.

या निदानाने सगळंच बदललं. जठर काढायचं रद्द झालं. हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत त्या पुन्हा भाकरी खाऊ लागल्या. रोग जाणार नव्हता, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. वन्सं गेल्या, पण अडीच वर्षांनी. पोटावर सुरी न लागता, आपल्या हाताने जेवत.

ज्यांच्या घरी असं दुखणं होऊन गेलंय, त्यांना एवढंच सांगणं : फाईल टाकू नका. तुकड्याचा रिपोर्ट, त्यावरचा नंबर, काचपट्ट्या कुठे आहेत, हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या. आणि पोट, पाठ, डोकं, काहीही दुखलं आणि डॉक्टरांकडे गेलात, तर ते विचारोत न विचारोत, कानडीत, मराठीत, जमेल त्या भाषेत पहिलं वाक्य हेच सांगा : आधी स्तनाचं ऑपरेशन झालंय.